हातचा एक

डुलुथच्या इस्पितळात, पाचव्या मजल्यावर
मी अकरा महिने हात मोजले.
माणसं नव्हे, हात.
खोलीत शिरताना धुतले का, निघताना धुतले का,
तळवा फेसाच्या डब्याखाली गेला
की जाता जाता देवळाला करतात तसा
त्याला नुसताच नमस्कार झाला.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर,
आणि पूल वर उचलावा असं
मार्चअखेरपर्यंत एकही जहाज नाही.

नर्सेस धुवायच्या.
मार्लिसच्या बोटांची सालं निघालेली,
रात्री व्हॅसलीन फासून हातमोजे घालून झोपते म्हणाली.
डॉक्टरांचं निराळं.
लिंडक्विस्टांना विचारलं, तर म्हणाले, "मी नेहमीच धुतो."
खोटं नव्हतं ते. त्यांना तसंच आठवत होतं.
माझ्या कागदावर दहात चार.

मग वरच्यांनी कॉफीची कार्डं काढली, पाच डॉलरची.
धुताना दिसला डॉक्टर की ठेवायचं त्याच्या हातात,
ओल्याच.
आकडा चढला. एकसष्ट. चौऱ्याहत्तर. ब्याण्णव.
तोवर माझा तांबडा स्वेटर सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता;
मी कोपऱ्यावरून वळले की मजलाभर नळ सुटायचे.
ते लिहायला रकाना नव्हता.
आणि फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
निरंजनला ताप होता म्हणून मी दोनलाच निघाले.
उरलेल्या रेघा रात्री जेवणाच्या टेबलावर मारल्या.
वीसात एकोणीस. अंदाजाने.
तो अंदाज फार चुकीचा नसावा, असा माझा अंदाज.

तीन वर्षांनी मिनियापोलिसच्या विमानतळावर
पिवळ्या वेष्टनाचं पुस्तक घेतलं,
अर्थशास्त्र, पण हसतखेळत.
चौथ्या प्रकरणात आमचा मजला!
नाव नाही, पण कॉफी तीच, पाच डॉलर तेच,
आणि ब्याण्णवचे "जवळजवळ शंभर" झालेले.
वाक्य मात्र काय देखणं:
मृत्यूला वास नसतो, कॉफीला असतो.
मी मोठ्याने हसले. शेजारच्या बाईने बॅग जवळ ओढली.
मग मी पानापानांत माझा गुरुवार शोधला.
नव्हता. स्वेटरही नव्हता.

राग आला म्हणावं, तर तसंही नाही.
पान उलटलं आणि पाचवं प्रकरण वाचलं:
कुठल्याशा बेटावर दंड रद्द केला
तर कोळी उलट वेळेवर जाळी विणू लागले.
ते मी अक्षरन् अक्षर खरं मानलं.
शनिवारी जेवायला आलेल्यांना रंगवून सांगितलंसुद्धा.
रात्री पातेलं घासताना ध्यानात आलं,
त्या बेटावरही कुणीतरी जाळी मोजत बसलं असेल,
त्याचंही कुणी तापलं असेल.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात;
माझ्या बोटांखालचं शीत कच्चं निघालं
आणि तरी मी उरलेला भात
वा वा करत जेवले.

दुसरीत सावंतबाई वहीवर टिचकी मारायच्या:
"बेरीज छान दिसतेय गं. हातचा कुठाय?"

तर हातचा सांगते.
कार्डं संपल्यानंतरच्या एका पहाटे, तीनच्या सुमाराला,
मी मार्लिसच्या खाटेशी बसले होते, तिचं ऑपरेशन झालं होतं,
अंगात स्वेटर नव्हता, कागद नव्हता.
समोरच्या खोलीतून लिंडक्विस्ट बाहेर आले.
आतला म्हातारा नुकताच गेला होता.
ते नळापाशी उभे राहिले
आणि कोपरापर्यंत हात धूत राहिले,
बराच वेळ, पाणी कढत असावं.
मग पुसायचं विसरून
तसेच निथळते हात घेऊन लिफ्टकडे गेले.

आत लागण व्हायला कुणी उरलं नव्हतं.
नियमाने हे मोजायचं की नाही,
मला अजून कळलेलं नाही.